ठरावापासून बंधाऱ्यापर्यंत: दुष्काळी गावाने सरकारी यंत्रणेकडून काम कसं करून घ्यावं

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाने एका वर्षी ग्रामसभेत ठराव केला: ‘गावातील ओढ्याचे खोलीकरण करण्यात यावे. सर्वानुमते मंजूर.’ टाळ्या झाल्या, चहा झाला, ठराव तालुक्याला गेला. आठ महिन्यांनी कागद परत आला. वर शेरा होता: कामाचे ठिकाण, गट क्रमांक व ओढ्याची मालकी नमूद नाही. तोवर पावसाळा येऊन गेला होता, आणि फेब्रुवारीत टँकर सुरू झाला. मी त्या वेळी ग्रामपंचायत सदस्य होतो. त्या एका ओळीच्या ठरावावर माझीही सही आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पुढे बरीच वर्षं या कार्यालयांच्या पायऱ्या चढल्यावर एक गोष्ट पक्की झाली. गावं योजनेचं नाव विचारत फिरतात: ‘सध्या कोणती योजना चालू आहे?’ हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. योजनांची नावं आणि नियम बदलत राहतात. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये आलं, मग थांबलं, २०२३ मध्ये दुसरा टप्पा म्हणून परत आलं. तुमचा ओढा मात्र तिथेच आहे. गावाने आपलं काम, जागा आणि आकडे तयार ठेवले, तर कोणतीही योजना आली तरी ती त्या कामाला लावता येते. तेवढी तयारी नसलेल्या गावात पैसा आला, तरी तो कमान, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्टवर संपतो.

आधी पाण्याचा ताळेबंद मांडा

सुरुवात ग्रामपंचायतीच्या कार्यालयात करू नका, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर करा. पांढऱ्या खडूने फरशीवर मांडलेला हिशेब सगळ्यांना दिसतो.

सूत्र सोपं आहे. एका हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात. अधिकारी याच भाषेत बोलतात, म्हणून शब्द लक्षात ठेवा. समजा गावचं क्षेत्र हजार हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिलीमीटर. माण-खटावात साधारण तेवढाच पडतो, तर याच जिल्ह्यात महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून जास्त. हजार हेक्टरवर ५०० मिलीमीटर म्हणजे ५,००० टीसीएम. आकडा ऐकून लोक हरखतात. पण त्यातलं बरंचसं उडून जातं, वाहून जातं, मातीत मुरून पिकाला लागतं. हाताशी उरतं ते बंधारे-तलावात थांबलेलं आणि विहिरीत उतरलेलं पाणी.

आता खर्चाची बाजू. दोन हजार लोकवस्तीला जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात. पाचशे मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे आणखी नऊ टीसीएम. मग पिकं. पाटपाण्याने भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाला २० टीसीएमच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी पितो. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी बरोबरीत येतं.

आमच्या ओट्यावर हा आकडा लिहिला तेव्हा पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. उसाला शिव्या घालायचं कारण नाही. ज्याच्या शेतात टेंभू उपसा योजनेचं किंवा उरमोडी धरणाचं पाणी येतं त्याचा हिशेब वेगळा. पण जे शिवार फक्त आपल्या विहिरींवर जगतं, तिथे हा आकडा भिंतीवर हवा. ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं (केंद्राचे ५५ आणि ४५, वरचे राज्याचे). अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करावा लागतो आणि त्याला फार्मर आयडी लागतो. गावात ज्यांचे आयडी निघालेले नाहीत त्यांची यादी त्याच दिवशी करून टाका.

हा ताळेबंद तपासून घ्यायला दोन ठिकाणी जा. एक, तालुका कृषी अधिकारी कार्यालय, तिथे मंडळाच्या पावसाची नोंद मिळते. दुसरं, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी सातत्याने मोजते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे अटल भूजल योजनेतही होते. तुमची ग्रामपंचायत त्यात असेल तर तुमच्या गावाचा जलसुरक्षा आराखडा आधीच झालेला आहे. तो कपाटातून बाहेर काढा. नव्याने करायची गरज नाही.

शिवारफेरी

गावनकाशाची मोठी प्रत काढा. बरोबर कृषी सहाय्यक, तलाठी, ग्रामसेवक (आता अधिकृत नाव ग्रामपंचायत अधिकारी), रोजगार सेवक, दोन जुनी माणसं आणि किमान पाच बाया हव्यात. जुन्या माणसांना कुठला झरा कधी आटला ते आठवतं. बायांना हंडा कुठून किती लांबून येतो ते माहीत असतं. आमच्या फेरीत एक आजी एका आडापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘वरच्या अंगाला बोर पाडली, त्या सालापासून ह्या आडानं तळ दाखवला.’ कुठल्याच कागदावर ती नोंद नव्हती. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणे, अधिसूचित केलेल्या सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही, आणि साठ मीटरपेक्षा खोल बोअरवरही बंधन आहे. गावचा स्रोत अधिसूचित झाला आहे का, हा प्रश्न त्या आजींमुळे आम्ही पहिल्यांदा विचारला.

फेरी डोंगरावरून सुरू करा आणि गावठाणात संपवा. कामाचा क्रमही तोच, माथा ते पायथा. वर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) न काढता खाली बंधारा बांधला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. नेहमीचा चर दोन फूट रुंद, एक फूट खोल असतो. त्याच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी थांबतं. दिसायला काहीच नाही, म्हणून लोकांना पटत नाही. बंधारा दिसतो, त्याचा फोटो येतो, उद्घाटन होतं. पण हिशेब करून बघा: भिंतीपाशी दोन मीटर खोल, मागे उतरत शून्यावर आलेलं, शंभर मीटर लांब आणि दहा मीटर रुंद पाणी म्हणजे जेमतेम एक टीसीएम. पाऊस लागून राहिला तर तो पुन्हा पुन्हा भरतो आणि जिरतो, हा त्याचा खरा उपयोग.

जागा ठरवताना ओढ्याचा तळ बघा. उघडा कातळ असेल तिथे भिंतीचा पाया चांगला धरतो, पण पाणी मुरत नाही. त्याच्या वरच्या अंगाला मुरमाड तळ असेल तर जागा उत्तम: भिंत कातळावर, पाणी मुरमावर. शंका असेल तर भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला लेखी पत्र देऊन बोलवा. तोंडी निरोपावर कोणी येत नाही आणि त्यात त्यांचाही दोष नाही. दौऱ्याला त्यांनाही कागद लागतो.

जमीन कोणाची, खातं कोणाचं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. काम एक असतं, पण जागा बदलली की खातं बदलतं.

शेतकऱ्याच्या रानातलं बांधबंदिस्तीचं काम, शेततळं, ठिबक हे कृषी विभागाकडे. ओढ्या-नाल्यावरच्या शंभर हेक्टर सिंचनक्षमतेपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेच्या जलसंधारणाच्या विभागाकडे, त्यापुढे सहाशे हेक्टरपर्यंत राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठं असेल ते जलसंपदाकडे. जुना पाझर तलाव नक्की कोणाचा हे विचारायला गेलात तर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतील. अशा वेळी वाद घालू नका. दोन्हीकडे एकच पत्र द्या आणि ‘सदर तलाव आपल्या मालमत्ता नोंदवहीत आहे किंवा नाही हे लेखी कळवावे’ एवढंच मागा.

डोंगराचा माथा वनखात्याचा असेल तर तिथे ग्रामपंचायतीने कुदळही मारायची नाही. काम वन विभाग करतो. आपण संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत त्यांच्या आराखड्यात आपले चर घालून घ्यायचे. पिण्याच्या पाण्याचं काम ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे. दिव्यांचं आणि सौर पंपाचं महावितरण व महाऊर्जाकडे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. घराघरांच्या छतावर पॅनेल बसवणं कसं जमलं हे बघायचं असेल तर एक दिवस तिकडे जाऊन या.

बचत गट, ग्रामसंघ, कर्जाची जोडणी हे ‘उमेद’कडे, म्हणजे २०११ मध्ये सुरू झालेल्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे. इथे एक सांगतो. आमच्याकडे पुरुष मंडळी ‘उमेद’ला बायकांची भिशी समजत होती. प्रत्यक्षात ग्रामसंघाच्या बाया दरवर्षी गावातल्या गरजूंचा आराखडा घरोघरी जाऊन करतात. कोणाकडे जॉब कार्ड नाही, कोणाचं घरकुल अडलंय, कोणाची पेन्शन थांबलीय, सगळं त्यात असतं. तो आराखडा गावच्या विकास आराखड्यात समाविष्ट व्हायला हवा असं शासनच सांगतं. गावात ‘उमेद’चं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंकडे ग्रामसभेच्या आधी तो मागा. तुमचं निम्मं सर्वेक्षण त्यांनी करून ठेवलेलं असतं.

पैसा कोणत्या खिशातून

ग्रामपंचायतीच्या हातातला सगळ्यात नियमित पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या, २०२१ ते २०२६ च्या, निधीतला ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी आपल्या राज्यातली वाटणी होती. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, होता: निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापरासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला तो चालत नव्हता. विहीर पुनर्भरण, छतावरचं पाणी साठवणं, सांडपाण्याचे शोषखड्डे ही कामं बंधित निधीत बसतात, आणि गावं ती मागतच नाहीत. आयोग बदलला की टक्केवारी बदलते. चालू वर्षाचं परिपत्रक ग्रामसेवकांकडून घेऊन फळ्यावर लावायला सांगा.

स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात.

रोजगार हमी हा मातीकामाचा मोठा आधार. ही योजना आपल्याच मातीतली. १९६५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाचा २००५ चा कायदा त्यानंतरचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला आणि हमीचे दिवस शंभरावरून सव्वाशे केले. सध्या कोणते नमुने आणि कोणतं पोर्टल लागू आहे ते तहसील कार्यालयातल्या रोहयो शाखेत विचारूनच पुढे जा. कामाची मागणी मात्र कधीही तोंडी करू नका. मजुरांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. मुदतीत काम न मिळाल्यास भत्ता मागायचा तर तारीख त्या पोचेवरच मोजली जाते. पोच नसेल तर मागणीच झाली नाही असं धरलं जातं.

बाकी जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी हे आहेच. गाळमुक्त धरण योजनेत यंत्र आणि इंधनाचा खर्च मिळू शकतो, गाळ शेतकऱ्याने न्यायचा, आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना त्या वाहतुकीलाही अनुदान मिळू शकतं. एकाच कामाला दोन ठिकाणांहून पैसा दाखवू नका, लेखापरीक्षणात सरपंच अडकतो. कामाचे तुकडे मात्र वेगवेगळ्या निधीतून करता येतात: चर रोहयोतून, बंधारा जलसंधारणातून, ठिबक कृषीतून, विहीर पुनर्भरण वित्त आयोगातून. कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ ला वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिलं आलं आणि माणमधली टाकेवाडी २०१८ ला. लोकांना त्यांचं श्रमदान आठवतं. पण श्रमदानाबरोबर आराखडा आणि खात्यांची कामं जुळवावी लागतात, त्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

ग्रामसभा आणि ठरावाचे शब्द

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. नोटीस सात दिवस आधी. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० लोक, जे कमी असेल ते. पुढच्या वर्षीच्या विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, रोहयोचं नियोजनही त्याच हंगामात. म्हणून शिवारफेरी गणपतीच्या आधी उरकलेली बरी. जानेवारीत जागे झालात तर एक वर्ष गेलं.

आता ठराव. आमचा कागद परत आल्यावर आम्ही दुसऱ्यांदा लिहिला तो या धर्तीवर होता:

‘मौजे अमुक येथील गट क्र. अमुक व अमुक यांच्या हद्दीवरील शासकीय ओढ्यावर, जुन्या स्मशानभूमीच्या वरच्या बाजूस अंदाजे १५० मीटरवर, सिमेंट नाला बांध बांधण्याचे काम सन अमुकच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करावे. गावनकाशाचा उतारा सोबत जोडला आहे. बांधामुळे ज्यांच्या क्षेत्रास पाणी लागेल अशा चार खातेदारांचे संमतीपत्र सोबत आहे. वरच्या पाणलोटात सलग समतल चरांचे काम रोजगार हमीतून प्रस्तावित आहे. बांधाची निगा व गाळ काढण्याची जबाबदारी ग्रामपंचायत स्वीकारते. स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार होण्यासाठी ठरावाची प्रत संबंधित उपअभियंत्यांकडे पाठवावी. सूचक अमुक, अनुमोदक अमुक.’

यातल्या प्रत्येक वाक्याने एक शेरा वाचतो. गट क्रमांक नसेल तर जागा अनिश्चित. संमती नसेल तर ऐन कामात कोणीतरी जेसीबीसमोर आडवं पडतं. निगेची जबाबदारी लिहिली नसेल तर खातं हस्तांतराचा प्रश्न काढतं. चारपैकी एका खातेदाराची संमती मिळवायला आम्हाला दीड महिना लागला. त्यांच्या बांधाची जुनी कुरबुर होती, ती आधी मिटवावी लागली. यावर उपाय एकच, घरी जाऊन बसणं.

इतिवृत्त त्याच दिवशी, सभा संपायच्या आत लिहून वाचून घ्या. नंतर ‘साफ प्रत’ करताना शब्द गळतात.

मान्यतेची साखळी

ठराव गेला की हे टप्पे असतात: स्थळपाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा मजूर नोंदणी, कार्यारंभ आदेश. फाईल नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारायला शिका. ‘आमच्या कामाचं काय झालं?’ या प्रश्नाला ‘चालू आहे’ हेच उत्तर मिळतं. ‘तांत्रिक मान्यता झाली का, क्रमांक काय?’ असं विचारलं तर समोरचा माणूस नोंदवही उघडतो.

एक साधी वही ठेवा. पत्र कधी दिलं, आवक क्रमांक काय, कोणत्या टेबलावर आहे, पुढची तारीख कोणती. वही सरपंचाकडे नको, ग्रामपंचायतीत हवी. सरपंच बदलला की त्याच्या घरातली कागदं हरवतात, हे मी दोनदा पाहिलंय. दर पंधरा दिवसांनी एकाने जायचं, आणि तेही घोळक्याने नव्हे. दहा जण गेले की वातावरण तापतं, काम पुढे सरकत नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही बघता येतो. गावातल्या कॉलेजच्या पोरांकडे हे काम द्या.

अडलंच तर गटविकास अधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी, मग तक्रारी ऐकण्यासाठीचा, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे, पण तो पहिलं हत्यार म्हणून वापरू नका. ज्या अभियंत्याने उद्या तुमच्या ओढ्यावर यायचंय, त्याच्याशी आज नातं बिघडवू नये.

काम सुरू असताना आणि नंतर

कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत घ्या, आणि अंदाजपत्रकातली पायाची खोली जागेवर टेपने मोजा. पाया भरायच्या आधी मोजा, नंतर काहीच दिसत नाही. काँक्रीटवर पाणी मारलं जातंय का हे बघायला तिथल्या शेतकऱ्यालाच नेमा. मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला अभियंते येतील त्या दिवशी दोन ग्रामस्थ हजर हवेत. कामाआधीचा, मधला आणि नंतरचा फोटो एकाच जागी उभं राहून काढा.

पूर्ण झालेलं काम ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढलं का ते बघा. आमच्याकडे एक जुना बांध कोणाच्याच नोंदवहीत नव्हता, त्यामुळे दुरुस्तीचा प्रस्तावच करता येईना. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बरगे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) पावसाळ्याआधी काढायचे, ऑक्टोबरमध्ये बसवायचे आणि मधल्या काळात कुलपात ठेवायचे. किल्ली कोणाकडे आहे हे ग्रामसभेत नाव घेऊन ठरवा. बरगे चोरीला गेलेले बंधारे येरळा नदीच्या काठाने फिरलात तर दिसतील.

गावात पाच विहिरी निवडा: एक डोंगराजवळची, दोन मधल्या, दोन ओढ्याकाठच्या. ऑक्टोबरला आणि मार्चअखेर दोरीला दगड बांधून त्यांची पातळी मोजा आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सभेआधी मागच्या वर्षीच्या आकड्याखाली नवा आकडा घाला. पुढच्या वर्षीच्या ठरावात तोच आकडा लिहायचा.